सात नंबरचं वंगण

अमेरिकेत नेपरव्हिलला आम्ही घर घेतलं त्याच्या सत्यनारायणाला परुळेकर पहिल्यांदा आमच्याकडे आला, आणि त्याने प्रसाद तोंडात घातलाच नाही. शिऱ्याचा द्रोण डाव्या हातात धरून उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने त्याने शिऱ्यातलं तूप चोळायला सुरुवात केली. डोळे मिटले. बोटं लांब नेली, जवळ आणली, परत लांब नेली. मागे रांगेत उभी असलेली माणसं ताटकळली. मग डोळे उघडून तो माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, तूप फ्रेश आहे, पण त्याला बॉडी नाही."

सुनंदा पहाटे चारला उठून सोवळ्यात शिरा ढवळत होती. तिने ते वाक्य एकतीस वर्षं जपून ठेवलं आहे आणि आजही तूप कढवताना ती ते कढईला ऐकवते.

यशवंत परुळेकर मूळचा वेंगुर्ल्याचा. बेअरिंग बनवणाऱ्या एका कंपनीत चौतीस वर्षं ग्रीसच्या लॅबमध्ये होता. जगात दोनच प्रकारच्या वस्तू असतात असं त्याचं मत आहे, एक घासणाऱ्या आणि दुसऱ्या घासू न देणाऱ्या. पहिल्या प्रकारात त्याला रस नाही. दुसऱ्या प्रकारातली कोणतीही वस्तू दिसली की त्याचं बोट आपोआप पुढे होतं. औषधाच्या दुकानात गेला की व्हॅसलिनचे नमुने उघडून बघतो. एकदा आम्ही एका लग्नाला गेलो होतो, तिथे नवरीच्या मावशीने हाताला लावायचं क्रीम पर्समधून काढलं, तर हा अनोळखी बाईपुढे बोट करून उभा. ती बिचारी घाबरून त्याच्या बोटाला क्रीम लावती झाली. "थोडी टॅक हवी होती," एवढं बोलून हा जेवायला गेला.

टॅक म्हणजे चिकटपणा. बॉडी म्हणजे काय ते मला एकतीस वर्षांत कळलेलं नाही. विचारलं तर तो माझ्याकडे दयेने बघतो. मी आयुष्यभर एका विमा कंपनीत कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिले. माझ्या कामाला तुपासारखं बोट लावता येत नाही, म्हणून परुळेकरच्या हिशेबी मी काही केलेलंच नाही.

पण माणूस खरा. वंगणाच्या बाबतीत तर इतका खरा की त्याच्याशेजारी उभं राहणं अवघड. "घर्षणाला कुणाची भीड नसते," असं तो म्हणतो, आणि त्यालाही नसते. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी जावयासाठी घरी केलेलं माक्याचं तेल कौतुकाने पुढे केलं. याने चोळलं आणि सांगितलं, "यात माका नाही, नुसता हिरवा रंग आहे." सासूबाई त्याच्याशी दोन वर्षं बोलल्या नाहीत. कंपनीत वरच्या साहेबांनी स्वस्तातली नवी ग्रीस पसंत केली, तेव्हा भरल्या मीटिंगमध्ये हा उठून म्हणाला, "सर, धिस इज नॉट ग्रीस, धिस इज जॅम." त्याचं प्रमोशन तिथेच संपलं. माझ्या गुडघ्याला डॉक्टरांनी दिलेलं मलम त्याने चोळून बघितलं आणि म्हणाला, "हे तुझ्या गुडघ्यापर्यंत पोचणारच नाही." त्या दिवसापासून ते खरोखरच पोचेनासं झालं.

एकदा मी त्याला म्हटलं, "अरे, समोरच्याच्या मनाचा तरी विचार करत जा. थोडं खोटं बोललास तर काय बिघडतं?"

तो गंभीर झाला. म्हणाला, "बाकी कशाबद्दलही बोलतो की. मराठी मंडळाच्या नाटकाला छान म्हणतो. तुझ्या गाण्याला छान म्हणतो. पण वंगणाबद्दल नाही बोलवत रे. जीभ वळत नाही."

माझ्या गाण्याबद्दलची माहिती मला त्या दिवशी नव्याने कळली.

चार वर्षांपूर्वी परुळेकरची बायको, आमच्या मालतीवहिनी, गेल्या. त्यांची मुलगी दूर सनीव्हेलला असते, रविवारी सकाळी फोन करते, "बाबा, आर यू ईटिंग?" विचारते, हा "येस, येस" म्हणतो आणि फोन संपतो. मी दर शनिवारी सकाळी दहाला त्याच्याकडे जायला लागलो. तसा आमच्यात काही करार झाला नव्हता. मी गॅरेजच्या दारातून आत शिरायचो, तो आलं ठेचून चहा करायचा, आणि आम्ही साडेबारापर्यंत मंडळाच्या कमिटीला, आपापल्या गुडघ्यांना आणि इथल्या बेचव टोमॅटोंना नावं ठेवायचो. शनिवार माझा होता. हे मी त्याला कधी सांगितलं नाही, कारण दोन पुरुष एकमेकांना असलं काही सांगत नाहीत.

आणि मग वेन उपटला.

वेन त्याच्या शेजारच्या घरात वीस वर्षं राहत होता आणि वीस वर्षं फक्त हात हलवत होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, उंचापुरा, रेल्वेची इंजिनं दुरुस्त करून निवृत्त झालेला. एका हिवाळ्यात तो अंगणात बर्फ उडवायच्या यंत्राला ग्रीस लावत बसला होता. परुळेकर टपाल आणायला बाहेर पडला होता. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. याने बोट लावलं.

वेनला आजवर कुणी ग्रीसबद्दल काही विचारलं नव्हतं. दोघं उणे दहा तापमानात तासभर बोलत उभे होते म्हणे. शेवटी वेनने त्याला आपल्या तळघरातला छंद दाखवला. वेन घरच्या घरी बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या ओततो. टायरच्या दुकानातून चाकांना लावायची जुनी शिशाची वजनं आणायची, ती भांड्यात वितळवायची, साच्यात ओतायची, आणि ठकठक करून बाहेर पाडायची. मग गावाबाहेर शेतांच्या पलीकडे एक क्लब आहे, तिथे जाऊन पुठ्ठ्यावर नेम धरायचा.

परुळेकरला नेमात काडीचा रस नव्हता. त्याला फक्त एवढंच ऐकू आलं की शिशाची गोळी बंदुकीच्या नळीतून जाताना नळीला घासते, आणि वंगण बरोबर नसेल तर शिसं आतून नळीला लिंपलं जातं. म्हणून गोळीला बारीक खाचा असतात आणि त्या खाचांत वंगण भरतात. आता हे वंगण कशाचं असावं, यावर अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांचं गेली शंभर वर्षं एकमत झालेलं नाही. कुणी मधमाश्यांचं मेण म्हणतो, कुणी मेंढीच्या लोकरीतली चरबी घाला म्हणतो, कुणी मेणबत्त्या, कुणी लहान मुलांचे रंगखडू. परुळेकरने हे ऐकलं आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदा त्याचा चेहरा उजळला. ज्या प्रश्नासाठी आपण जन्मलो तो अडुसष्टाव्या वर्षी शेजारच्या तळघरात सापडला, असं त्याला वाटलं असावं.

महिन्याभरात सगळा संसार वेनच्या तळघरातून परुळेकरच्या गॅरेजमध्ये आला, कारण इथे दार उघडून वारा घेता येतो. शिशाची वाफ वाईट, म्हणून मास्क, हातमोजे, जाड एप्रन. आणि पहिला बळी गेला चहाचा. "शिशाशेजारी खायचं-प्यायचं नाही," परुळेकरने जाहीर केलं. "चहा हवा तर हात धुऊन आत जा आणि कर." म्हणजे मी एकट्याने आत जाऊन चहा प्यायचा आणि हे दोघं बाहेर शिसं ढवळणार. एकतीस वर्षांच्या मैत्रीत मी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने चहा केला आणि तो मला अजिबात गोड लागला नाही.

मी सरळ सांगून टाकतो. मला वेनचा हेवा वाटत होता. हेवा हा शब्द सौम्य आहे, माझा जळफळाट होत होता. वेनची तिथे स्वतःची खुर्ची होती, हात टेकवायची, आणि मला घडीची. वेनकडे बाजूच्या दाराची किल्ली होती. वेन त्याला 'पॅरी' म्हणायचा. मी ज्याला तीन दशकं परुळेकर म्हणत आलो, तो ह्या माणसाच्या तोंडी सहा महिन्यांत पॅरी झाला आणि पॅरीने ते चालवून घेतलं. मला वेनने नावच दिलं नाही. क्लबात ओळख करून देताना तो म्हणायचा, "हा पॅरीचा मित्र." मी हसून मान डोलवायचो आणि आतल्या आत त्याच्या इंजिनांना शिव्या द्यायचो.

घरी आलो की सुनंदा चेहरा बघूनच ओळखायची. "आली वाटतं स्वारी सवतीला भेटून," म्हणायची.

"मला त्या बंदुकांचा आवाज सहन होत नाही," मी म्हणायचो.

"मग नका जाऊ."

"का नाही जाऊ? तो काय वेनचा एकट्याचा आहे?"

हे वाक्य सत्तराव्या वर्षाकडे झुकलेल्या माणसाने स्वयंपाकघरात उभं राहून बोलावं याची मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

तर शनिवारचा कार्यक्रम असा झाला. सकाळी आठला क्लब. तिथे मी कानांवर आवाज अडवणारे जाड गोळे लावून लाकडी बाकावर बसायचो. परुळेकर उभा राहून एका जुन्या रिव्हॉल्व्हरने सहा गोळ्या झाडायचा. बाकी सगळी माणसं गोळी झाडली की समोरच्या पुठ्ठ्याकडे बघतात. परुळेकरने मी पाहिलं तितक्या दिवसांत पुठ्ठ्याकडे एकदाही बघितलं नाही. तो लगेच बंदूक रिकामी करायचा, दोनदा तपासायचा, खिशातली छोटी बॅटरी काढायचा आणि नळीत डोळा घालायचा. शेजारच्या माणसाच्या पुठ्ठ्यावर याच्या गोळ्या गेल्या तरी त्याला पत्ता नसायचा. "एक नंबरने कडेला थोडं लिंपलंय," तो म्हणायचा, आणि वेन मान हलवायचा.

वंगणांना नंबर होते. एक नंबर वेनचं, मधमाश्यांचं मेण आणि लोकरीची चरबी, त्याच्या वडिलांपासून चालत आलेलं. दोन नंबर गाडीची ग्रीस घातलेलं, ते धूर फार करायचं. तीन नंबरमध्ये परुळेकरने औषधाच्या दुकानातून सहा लिपस्टिक आणून वितळवल्या होत्या. दुकानातल्या मुलीने विचारलं, "स्पेशल ऑकेजन?" तर हा म्हणाला, "नो, फॉर बुलेट्स." मुलीने मॅनेजरला बोलावलं. चार, पाच, सहा असेच. प्रत्येक डबीवर चिकटपट्टी, त्यावर परुळेकरचं टोकदार अक्षर. आणि त्या सहा डब्यांत माझं काहीही नव्हतं.

हेच मला खुपायला लागलं. वेनचं एक नंबर होतं. लिपस्टिकला नंबर होता. मला नव्हता. एके रात्री जेवताना मी ठरवलं की आपणही वंगण करायचं.

मी सोलापूरचा, रसायनशास्त्रात मॅट्रिकला काठावर पास झालेला. इंटरनेटवर तीन दिवस वाचलं, काही कळलं नाही. पण चौथ्या दिवशी सकाळी सुनंदा पलंगाच्या कडेला बसून टाचांच्या भेगांना काहीतरी लावत होती आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. सुनंदाचं माहेर गुहागरकडचं. तिची वहिनी दरवर्षी कोकमाच्या बियांचं तेल पाठवते. तेल म्हणजे ते पातळ नसतं, मुठीत दाबून केलेले पांढरट पिवळे गोळे असतात, म्हणून ती त्याला मुठेल म्हणते. भेगांवर त्याच्यासारखा उपाय नाही. मी म्हटलं, जे इलिनॉयच्या हिवाळ्यात सुनंदाच्या टाचेला पुरून उरतं, त्याच्यापुढे बंदुकीची नळी म्हणजे काय?

ती देवळात गेली तशी मी चार गोळे उचलले. मधमाश्यांचं मेण आणलं होतं. दुधाच्या पातेल्यात पाणी, त्यात स्टीलची वाटी, वाटीत मेण आणि मुठेल. एरंडेल दोन चमचे, कारण घरात होतं. नीट ढवळलं. गार झाल्यावर सुंदर, घट्ट, हस्तिदंती रंगाचं झालं. मी बोटांत धरून परुळेकरसारखे डोळे मिटले. मला त्यात बॉडी जाणवली. देवाशप्पथ जाणवली.

सुनंदा परत आली, तिने पातेलं हुंगलं, डबा उघडला. "अहो, माझे गोळे?"

"शास्त्रीय कामासाठी घेतलेत."

"माझ्या टाचांचं तेल तुम्ही बंदुकीला लावणार?" ती खाली बसली. "वर्षाचं आहे ते. आता मी मार्चपर्यंत काय लावू?"

"एक नंबर आणून देतो," मी म्हणालो. त्या आठवड्यात तिने मला स्वतःच्या हाताने वाढून घ्यायला लावलं.

शनिवारी मी डबी परुळेकरपुढे ठेवली. वेन आपल्या खुर्चीत बसून चष्म्यावरून बघत होता. परुळेकरने हातमोजा काढला, अंगठा आणि तर्जनी डबीत घातली, चोळलं. डोळे मिटले. आधी त्याच्या कपाळावर आठी आली. मग त्याने वास घेतला आणि डोळे उघडले. "मुठेल," तो म्हणाला. "कुठून आणलंस?"

"सुनंदाचं. मी केलंय हे. मी स्वतः."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी काय बोलतो याची तो वाट बघत होता की मी त्याची, कोण जाणे. मी तेव्हा परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखा उभा होतो. मग त्याने बोटं फडक्याला पुसली, पेन काढलं, चिकटपट्टी फाडली आणि डबीवर लिहिलं, सात.

पुढच्या शनिवारी क्लबात त्याने सात नंबरच्या सहा गोळ्या झाडल्या. कडाक्याची थंडी होती. त्याने बंदूक रिकामी केली, बॅटरी काढली, माझ्याकडे पाठ केली आणि नळीत डोळा घातला. नेहमीपेक्षा बराच वेळ. मी कानांवरचे गोळे काढून उभा राहिलो.

"कशी आहे?" मी विचारलं.

"चांगली आहे," तो पाठमोराच म्हणाला. "हे फायनल करू या. सात नंबर."

वेनने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि परुळेकरने त्याच्याकडे नुसतं बघितलं. वेनने तोंड मिटलं. मला त्या क्षणी जो आनंद झाला तो मुलाच्या ग्रॅज्युएशनलाही झाला नव्हता. परुळेकर वंगणाबद्दल खोटं बोलत नाही हे सगळ्या नेपरव्हिलला माहीत होतं, आणि त्याने वेनच्या बापाच्या कृतीपेक्षा माझी कृती वर ठेवली होती. परतताना मी मुद्दाम पुढच्या सीटवर बसलो. वेनच्या लांब पायांना मागे जागा पुरत नव्हती. ते मी आरशात बघितलं.

सगळा डिसेंबर आणि जानेवारी मी हवेत तरंगत होतो. सुनंदाच्या वहिनीला फोन करून आणखी गोळे मागवले. मेण आणलं, पाच-पाच डब्या भरल्या. शनिवारी गॅरेजमध्ये गेलो की वेनला विचारायचो, "तुमचं एक नंबर पडूनच आहे का हो?" तो खुर्चीत चुळबुळ करायचा. तो दिवसेंदिवस गप्प व्हायला लागला आणि मला त्याचं काहीही वाटलं नाही. परुळेकरचं मात्र मला नवल वाटायचं. त्याची बोटं हल्ली काळी असायची आणि तो सारखा उजवा खांदा दाबायचा. वय झालं, असं मी म्हणायचो.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मी नेहमीप्रमाणे साडेबाराला निघालो आणि अर्ध्या वाटेवर लक्षात आलं की हातमोजे त्याच्याकडेच राहिले. परत फिरलो. गाडी कडेला लावली तर वेन आपल्या अंगणात फावड्याने बर्फ लोटत होता. मला बघून तो थांबला आणि फावडं रोवून रस्त्याच्या कडेला आला. त्याचं इंग्रजी मी माझ्या मराठीत सांगतो.

"आत जाऊ नकोस," तो म्हणाला. "दोन तास थांब. त्याचं काम चालू आहे."

"कसलं काम?"

त्याने बाजूच्या दाराकडे बोट केलं. दाराला वरती काच आहे. मी पायऱ्या चढून बघितलं. परुळेकर बाकावर वाकून बसला होता. नळी शिकंज्यात धरलेली, हातात लांब दांड्याचा तारेचा ब्रश. तो ब्रश आत-बाहेर, आत-बाहेर ओढत होता, मध्येच थांबून खांदा चोळत होता. खाली पांढऱ्या कागदावर शिशाच्या चकचकीत कपच्या पडल्या होत्या. चिमूटभर नव्हत्या, ढीग होता.

मी खाली उतरलो. वेन तिथेच उभा होता.

"तुझं ते वंगण थंडीत ठिसूळ होतं," तो म्हणाला. "खाचांतून गळून पडतं. सहा गोळ्यांत नळी चोंदते. त्याने पहिल्या दिवशी बोट लावलं तेव्हाच त्याला कळलं होतं. तू गेल्यावर तोच मला म्हणाला. तेव्हापासून दर शनिवारी घासतोय. मी म्हटलं, मी घासतो, तर हात लावू देत नाही."

"मग फायनल कशाला केलं?" मी विचारलं.

"मीही हेच विचारलं. मी चाळीस वर्षं गोळ्या ओततोय. माझं मेण तिथे तसंच पडलंय. मी म्हटलं, पॅरी, ते फेकून दे. तर तुझ्याबद्दल म्हणाला, त्याला बंदुका आवडत नाहीत, आवाज सहन होत नाही, बाकावर त्याचे गुडघे दुखतात. मी त्याला आता चहासुद्धा देत नाही. तो इथे यायचा बंदच होणार होता. आता त्या वंगणासाठी येतो. ते फेकलं तर शनिवारी तो कशाला येईल?"

वेनने फावडं उचललं. दोन पावलं गेला आणि वळला. त्याचा चेहरा थंडीने लाल झाला होता, निदान मला तेव्हा थंडीनेच वाटला.

"माझ्यासाठी त्याने कधी नळी घासलेली नाही," तो म्हणाला आणि बर्फ लोटायला लागला.

मी गाडीत जाऊन बसलो. मला आनंद व्हायला हवा होता. मला जे हवं होतं ते सगळं मला मिळालं होतं, वेनच्या तोंडून, व्याजासकट. पण मला सारखा तो खांदा दाबणारा हात दिसत होता. सासूला, साहेबाला, कुणालाही न भिणारा माणूस एका डबीतल्या मुठेलाबद्दल तीन महिने खोटं बोलत होता, आणि मी दर शनिवारी त्याच्यासाठी नव्या पाच डब्या नेत होतो. मला स्वतःची इतकी लाज क्वचितच वाटली असेल.

मी उतरलो. गॅरेजकडून गेलो नाही. पुढच्या दाराची घंटा वाजवली, म्हणजे त्याला आवरायला वेळ मिळेल. बराच वेळ नळाचा आवाज आला. मग दार उघडलं. हात ओले, नखांत काळं.

"काय विसरलास?"

"हातमोजे." मी उंबऱ्यावरच उभा राहिलो. "नळी कशी आहे?"

"आरसा आहे," तो माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत म्हणाला. त्याला वंगणाबद्दल नीट खोटं बोलता येत नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत शिकला नाही, ते तीन महिन्यांत कुठून येणार?

"परुळेकर," मी म्हटलं, "मला ते सात नंबर पटत नाही. थंडीत ते ठिसूळ होत असणार. मला यातलं काहीही येत नाही रे. बॉडी म्हणजे काय ते पण माहीत नाही. एक नंबर परत सुरू कर, आणि मला बसवून नीट शिकव. पहिल्यापासून."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग माझ्यामागे, वेनच्या अंगणाकडे. त्याचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासायला लागली. बोटांत काहीच नव्हतं.

"वेळ लागेल," तो म्हणाला. "तुला बेसिकपासून शिकवायचं म्हणजे."

"लागू दे."

"नुसत्या शनिवाराने भागणार नाही."

"मग?"

"मंगळवारी काय असतं तुला?"

"काही नसतं."

"बुधवारी?"

"बुधवारीही नसतं. का?"

तो दार धरून उभा होता. आत घर शांत होतं.

"बुधवारी वेन मुलीकडे जातो," तो म्हणाला. "सकाळी जातो तो संध्याकाळीच येतो. दिवसभर मग इथे कुणी नसतं रे."

मी बूट काढले आणि आत गेलो.